काठी एकच: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वसंत संपात आणि चैत्र मांडायची रीत

पाडव्याच्या आदल्या दिवशी मंडईतून आणलेली बांबूची काठी एक दिवस गुढीला लागते आणि मग वर्षभर माळ्यावर पडून राहते. खरं तर त्याच काठीवर वसंत संपातही मोजता येतो आणि पुढचे दोन महिने सूर्य उत्तरेकडे कसा सरकतो तेही बघता येतं. नोकरीसाठी पुण्यात येऊन फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. घरी हे सगळं आई-आजीच बघायच्या आणि यंदा पहिल्यांदा स्वतःवर येऊन पडलंय, अशांनाही ते उपयोगी पडेल. सगळंच करायला हवं असं नाही. गुढी, माठ आणि सावली एवढं नीट जमलं तरी पहिल्या वर्षाला पुरे.

आधी तारखांचा घोळ मिटवू

वसंत संपात आणि पाडवा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. संपात ही आकाशातली घटना आहे. सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तर गोलार्धात येतो तो क्षण म्हणजे संपात, आणि तो दरवर्षी २० किंवा २१ मार्चलाच येतो. २०२६ मध्ये आपल्या घड्याळाप्रमाणे तो २० मार्चला रात्री सव्वाआठच्या सुमारास होता. २०२७ मध्ये २१ मार्चला पहाटे दोनच्या आसपास आहे. पाडवा म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा. ती चांद्र तिथी असल्यामुळे मागेपुढे होते. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला म्हणजे संपाताच्या बरोबर आदल्या दिवशी, आणि २०२७ मध्ये तो ७ एप्रिलला येतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी छोटं आहे. म्हणून पाडवा दरवर्षी अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलला जातो.

तिसरीही एक तारीख आहे, तिकडे फारसं कुणी बघत नाही. आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतला १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षात २१ मार्चला. ही दिनदर्शिका १९५७ पासून लागू आहे आणि तिचा वर्षारंभ मुद्दाम संपाताला जोडलेला आहे. ‘मग सूर्य मेष राशीत १४ एप्रिलच्या सुमारास कसा जातो?’ असं कुणी विचारलं, तर तो हिशेब निरयन, म्हणजे तारे स्थिर धरून मोजणाऱ्या, पंचांगाचा आहे. संपातबिंदू हळूहळू मागे सरकत गेल्यामुळे या दोन हिशेबांत आता सुमारे २४ अंशांचं अंतर पडलंय.

संपाताला दिवस-रात्र समान, असं शाळेत शिकवतात. पुण्यात २० मार्चला सूर्य साधारण ६.३८ ला उगवतो आणि ६.४५ ला मावळतो. म्हणजे दिवस सात मिनिटांनी मोठाच निघतो. सूर्याची वरची कड दिसली की आपण उदय धरतो, आणि हवेत किरण वाकत असल्यामुळे ती कड प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाच दिसते, म्हणून हा फरक. बारा तासांना बारा तास असा दिवस पुण्यात सहा-सात दिवस आधीच होऊन गेलेला असतो. याच सुमाराला ‘विषुवदिनामुळे तापमान एकदम चाळिशी पार करणार, घराबाहेर पडू नका’ असा एक निरोप मोबाइलवर फिरतो. त्याकडे लक्ष देऊ नका. संपातामुळे एका दिवसात पारा उसळत नाही. पुण्यात मार्चमध्ये दुपारी ३५-३६ अंश असतातच.

काठी कशी निवडायची

पाच ते सहा फुटांची, अंगठ्यापेक्षा थोडी जाड (अडीच ते तीन सेंटिमीटर), सरळ आणि तासलेली काठी घ्या. मंडईच्या आसपास पाडव्याआधी तीन-चार दिवस विक्रेते बसलेले असतात. बुरूड आळीत हवी तशी कापूनही मिळते. दोन गोष्टी बघून घ्या. वरचं टोक पेराच्या जरा वर कापलेलं असावं, म्हणजे तोंड बंद राहतं आणि काठी चिरत नाही. आणि काठी ओली नसावी. हिरवट, जड काठी घरात आठवड्याभरात वाळते आणि वाकते. मग गुढीला चालेल, पण सावलीला नाही. आठ फुटी काठी वाड्याच्या अंगणाला शोभते, गॅलरीत ती छताला लागते.

सावलीची रेघ

सगळ्या महिन्यात यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही आणि खर्च जवळपास शून्य, म्हणून हे जरा सविस्तर.

लागतं काय: काठी, रेती किंवा मातीने भरलेली कुंडी, एक वीतभर चौरस पुठ्ठा, सुतळीला बांधलेलं वजन म्हणजे घरगुती ओळंबा, एक पांढरा चार्ट पेपर, पट्टी आणि पेन्सिल. जागा गच्चीची, किंवा सकाळी साडेअकरा ते दुपारी दोन ऊन येणारी कुठलीही. दिवस २० मार्च. एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी चालतं.

१. काठी कुंडीत घट्ट रोवा. पुठ्ठ्याच्या मध्यभागी सहा-सात मिलिमीटरचं भोक पाडा. कागदापासून बरोबर १ मीटर उंचीवर भोक येईल असा पुठ्ठा काठीला आडवा बांधा किंवा चिकटपट्टीने लावा. तो काठीच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला बाहेर आला पाहिजे. दक्षिणेला किंवा उत्तरेला लावलात, तर ऐन माध्यान्ही काठी स्वतःच भोकाच्या उन्हात आडवी येते.

२. चार्ट पेपर खाली अंथरा, लांब बाजू पूर्व-पश्चिम, आणि भोकातून ओळंबा सोडा. तो कागदावर जिथे टेकेल तिथे फुली मारा. ही फुली तुमचा मूळ बिंदू. काठी थोडी कललेली असली तरी आता बिघडत नाही, कारण मोजायचं ते भोकापासून, काठीपासून नाही.

३. फुली कागदाच्या दक्षिणेकडच्या कडेजवळ आणि बाकी कागद तिच्या उत्तरेला आहे ना ते बघा. कोपऱ्यांवर विटा ठेवा. गच्चीत वारा असतोच.

४. ११.४५ पासून १.४५ पर्यंत दर पंधरा मिनिटांनी पुठ्ठ्याच्या सावलीतल्या उजेडाच्या ठिपक्याच्या मध्यावर खूण करा आणि शेजारी वेळ लिहा.

खुणा पट्टीने जोडून बघा. संपाताच्या दिवशी त्या एका सरळ रेषेत येतात. डिसेंबरात किंवा जूनमध्ये हाच प्रयोग केला तर वक्र रेष मिळते. ही सरळ रेषा म्हणजे तुमच्या गच्चीवरची अचूक पूर्व-पश्चिम. नवशिक्याला एक गोष्ट हमखास खटकते: रेषा फुलीतून जात नाही. जाणारच नाही. ती फुलीच्या उत्तरेला साधारण साडेतेहेतीस सेंटिमीटरवरून जाते, कारण पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून तेवढाच दक्षिणेला कललेला असतो. ठिपका फुलीच्या सर्वांत जवळ येतो तो बारा वाजता नाही, तर १२.४२ च्या सुमारास. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि पुणे त्याच्या पश्चिमेला, म्हणून जवळपास ३५ मिनिटं. मार्चमध्ये सूर्य घड्याळाच्या मागे चालत असतो, त्याची सात-साडेसात मिनिटं वर. १२.४२ च्या आधी एक तास आणि नंतर एक तास ठिपका मध्यापासून सुमारे २८ सेंटिमीटर सरकतो, तेव्हा नेहमीचा चार्ट पेपर पुरतो.

चुकतं कुठे? पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. शंभराला एक एवढा उतारही मापात थोडा फरक पाडतो. कागदाखाली लाकडी फळी घालून पाणसळीने सपाट करून घ्या. दुसरं म्हणजे पुठ्ठा न लावता नुसत्या काठीच्या टोकाची सावली मोजणं. सूर्य ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे टोकाची सावली सेंटिमीटरभर धूसर होते आणि खूण अंदाजपंचे पडते. तिसरं, मोबाइलच्या होकायंत्राशी ताडून बघताना रेघ चुकली असं वाटणं. गच्चीतल्या लोखंडी सळ्या आणि टाकीचा सांगाडा होकायंत्राला भुलवतो. रेघेवर विश्वास ठेवा.

कागद फेकू नका. त्यावर तारीख घाला. पुढे लागेल.

घर, गोधड्या, धान्य

साफसफाई कशी करायची ते कुणाला शिकवायला नको, म्हणून फक्त ऋतूपुरतं. स्वेटर-शाली धुऊन, पूर्ण वाळवून, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. ओलसर ठेवल्या तर पावसाळ्यात बुरशी धरते. गोधड्यांना दोन दिवस कडक ऊन द्या, दुपारी उलटून. वर्षाचे गहू भरणारे असाल तर ऊन दिल्यावर धान्य गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. गरम धान्य झाकलं की आत वाफ धरते आणि किडीला आयतं घर मिळतं.

रंगांबद्दल एकच. पुण्यात रंग जुन्या रिवाजाप्रमाणे रंगपंचमीला खेळतात, धुळवडीला नाही. सोसायट्यांमधून आता दोन्ही दिवस चालतं. पळसाची वाळलेली फुलं मिळाली तर चार-पाच मुठी फुलं पाच लिटर गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळून घ्या. केशरी पाणी तयार. फडक्याने गाळायला विसरू नका, नाहीतर पिचकारी तुंबते.

माठ

विकत घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला माठ दिसायला छान असतो, पण पाणी गार करत नाही, कारण पाणी झिरपायची छिद्रंच बुजलेली असतात. माठाचं सगळं काम त्या झिरपण्यावर चालतं. बाहेर आलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. पुण्याची मार्च-एप्रिलची कोरडी हवा याला एकदम अनुकूल. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच माठ आळशी होतो, त्यात माठाचा दोष नाही.

नवा माठ चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा. नंतर भरून ठेवा आणि पहिल्या दोन दिवसांचं पाणी झाडांना घाला; मातीची चव जाते. आत साबण कधीच लावायचा नाही. साबण छिद्रांत बसतो आणि महिनाभर पाण्याला वास येतो. आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि नारळाची शेंडी, बस्स. तिवईवर, वारा लागेल अशा पण उन्हात नसलेल्या जागी ठेवा आणि खाली ताटली ठेवा. फ्रीजशेजारच्या कोपऱ्यात माठ ठेवणारे बरेच भेटतात. फ्रीजच्या पाठीतून गरम हवा येते, तिथे माठ काय करणार बिचारा.

वाळ्याची छोटी जुडी दोन-तीनदा धुऊन पांढऱ्या दोऱ्याने बांधून सोडा. तीन-चार दिवसांनी काढून उन्हात वाळवा, पुन्हा वापरता येते. वास गेला की बदला.

पाडव्याची सकाळ

आदल्या रात्री आणून ठेवायचं: काठी, खण किंवा साडी, तांब्या किंवा गडू, कडुनिंबाची मोहर असलेली डहाळी, आंब्याची पानं, झेंडूचा हार, साखरेच्या गाठी, सुतळी, पाट, हळदकुंकू, अक्षता. कडुनिंबासाठी रस्त्याकडेच्या झाडाच्या फांद्या ओरबाडू नका, मंडईत जुड्या मिळतात.

सकाळी अभ्यंगस्नान. तिळाचं तेल दोन-तीन मोठे चमचे, कोमट करून, सर्वांगाला चोळून पंधरा मिनिटं थांबा. घरात वयस्कर माणूस असेल तर बाथरूममध्ये आधी पायपुसणं टाका, तेलाच्या फरशीवर घसरून सणाच्या दिवशी हाड मोडायला नको.

गुढी उभारताना क्रम चुकला की सगळं परत सोडावं लागतं. म्हणून क्रमाने:

काठी धुऊन पुसून तिला हळदकुंकवाची बोटं ओढा. वरच्या टोकाला आधी जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी दोन-तीन वेढे गुंडाळा. हे वेढे नंतर तांब्यात बसतात. काठी तीन सेंटिमीटरची आणि तांब्याचं तोंड सात-आठ सेंटिमीटरचं, मधली फट भरली नाही तर तांब्या डुलतो, आणि बहुतेक घरांत दुपारी तो कलंडलेला दिसतो तो याचमुळे. मग खणाच्या किंवा साडीच्या निऱ्या करून त्या टोकापासून चार बोटं खाली सुतळीने आवळून बांधा. साडी असेल तर निऱ्या तांब्याच्या काठाखालीच राहतील असं बघा, तोंडात कोंबल्या तर तांब्या बसत नाही. नऊवारी फार जड होते; फ्लॅटमधल्या गुढीला खण किंवा हलकी पाचवारी बरी. त्यावर कडुनिंब, आंब्याची डहाळी, हार आणि शेवटी गाठी, एकाच सुतळीत. रंगीत गाठी रेशमी वस्त्राला टेकू देऊ नका, उन्हात साखर पाझरते आणि रंग उतरतो. पांढऱ्या घेतल्या तर प्रश्नच नाही.

आता तांब्या. चिंच-मिठाने घासलेला, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, कोरडा. पालथा घालून खाली दाबा. तो अडकला असं वाटलं तरी त्याच्या गळ्याभोवती सुतळी घालून काठीला बांधाच. पाचव्या मजल्यावरून खाली पडणारा अर्ध्या किलोचा तांब्या ही गमतीची गोष्ट नाही.

रांगोळी काढलेल्या पाटावर गुढी उभी करा, दारात किंवा गॅलरीत, घरातून बाहेर बघताना उजव्या हाताला. ग्रिलला दोन ठिकाणी बांधा, एक पायाशी, एक कमरेच्या उंचीवर. एकाच ठिकाणी बांधलेली काठी वाऱ्याने गोल फिरते. गुढी बाहेरच्या बाजूला कलती ठेवायची रीत आहे, पण कठड्याबाहेर वीतभरापेक्षा जास्त काढू नका आणि जवळून वीज-केबलच्या तारा जात नाहीत ना ते बघा. हळदकुंकू, अक्षता, निरांजन, नैवेद्य.

सूर्य मावळायच्या आधी, म्हणजे पुण्यात पावणेसातच्या आत, हळदकुंकू वाहून गूळ किंवा साखर दाखवून गुढी उतरवतात. गाठी मुलांना वाटा. कडुनिंब सावलीत वाळवून कोठीत घाला. काठी पुसून उभी ठेवा, आडवी नको, ती वाकते.

कडुनिंबाचा प्रसाद

चार माणसांना: कोवळी पानं दहा-बारा, फुलं एक मोठा चमचा, चार तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन चमचे, चिरलेला गूळ दोन चमचे, चिंचेचं बुटुक, जिरं पाव चमचा, हिंग चिमूटभर, मीठ. सगळं जाडसर वाटून सुपारीएवढ्या गोळ्या. लालसर, चकचकीत कोवळी पानंच घ्या. गडद हिरव्या जून पानांचा कडूपणा गुळाला दाद देत नाही.

ओळख पक्की करा. बकाणनिंब कडुनिंबासारखाच दिसतो आणि तो विषारी आहे. कडुनिंबाचं पान एकाच दांड्यावर दोन्ही बाजूंना विळ्यासारख्या वाकड्या, दातेरी पर्णिका असलेलं असतं आणि फुलं पांढरी. बकाणनिंबाचा दांडा पुन्हा फुटत जातो, दोनदा-तीनदा, आणि फुलं जांभळट. शंका असेल तर खाऊ नका. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि अगदी लहान बाळांना देऊ नये.

दुपारी श्रीखंड-पुरी होतेच. आयुर्वेद मात्र वसंतात जड, गोड, आंबट आणि दिवसाची झोप टाळा म्हणतो. थंडीत साठलेला कफ उन्हाने पातळ होतो, असं त्यामागचं सांगणं. पाडव्याचं श्रीखंड कुणी सोडणार नाही आणि सोडूही नये. पण ते एक दिवसाचं ठेवा. पुढचे पंधरा दिवस जुनं धान्य, भाजलेल्या पिठाची भाकरी, मूग, आणि दुपारी आडवं न होणं एवढं पाळलं तरी अंग हलकं वाटतं.

टेकडी

चैत्रपालवी घरात बसून कळत नाही. वेताळ टेकडी, तळजाई, लॉ कॉलेजची टेकडी, यांपैकी जवळची धरा. सकाळी साडेसहाला वर, नऊच्या आत खाली, माणशी एक लिटर पाणी. मार्चमध्ये पळस आणि पांगारा पेटलेले असतात, काटेसावरीची लाल फुलं जमिनीवर पडलेली असतात, वारसाचे पांढरट झुबके पानं गळालेल्या फांद्यांवर दिसतात. गुलाबी फुलांनी भरलेलं झाड दिसलं तर ते बहुधा गिरिपुष्प, बाहेरून आणून लावलेलं. बहाव्याला एप्रिल उजाडतो. पिंपळाची तांबूस पानं तर रस्त्यावरच बघायला मिळतात, आठवड्याभरात रंग बदलतात, त्यामुळे एकच झाड ठरवून रोज बघितलं तर जास्त कळतं. गवत वाळून कोळ झालेलं असतं. काडी, बिडी, उदबत्ती काही पेटवायचं नाही. बहुतेक वणवे असेच लागतात.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कुठलाही दिवस. म्हणजे हातात महिना असतो, घाई नको. पितळी पाळण्यात गौर बसवायची, दारात चैत्रांगणाची रांगोळी काढायची, मोगऱ्याचे गजरे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. पंधरा जणींसाठी अर्धा किलो हरभरे रात्रभर भिजवा. एकदा पाणी बदला, उन्हाळ्यात आंबूस वास धरतो. आणि एक सरळच सांगायचं तर सवाष्ण-विधवा हा भेद ठेवायचं काही कारण नाही. ओळखीच्या सगळ्या बायकांना बोलवा.

आंबेडाळ: एक वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवा. जास्त भिजली की आंबते. पूर्ण निथळून, पाणी न घालता, भरड वाटा. मिक्सर सलग फिरवू नका, थांबत थांबत. बारीक पेस्ट झाली की तिचा गोळा होतो. अर्धी ते पाऊण वाटी कैरीचा कीस, मीठ, एक चमचा साखर, कोथिंबीर, ओलं खोबरं. तीन मोठे चमचे तेलात मोहरी, भरपूर हिंग, हळद, सुक्या आणि हिरव्या मिरच्या. फोडणी गार करून घाला. तेलाला हात आखडू नका, कोरडी डाळ खाताना घशात टोटरा बसतो. पंधरा जणींना तीन वाट्या डाळ पुरते.

पन्हं: अर्धा किलो कैऱ्या अख्ख्या, भांड्यात ठेवून कुकरच्या तीन शिट्ट्या. भांड्याशिवाय थेट पाण्यात टाकल्या तर साल फुटते आणि आंबटपणा पाण्यात जातो. गर काढून चाळणीतून घासा. गराच्या दीडपट चिरलेला गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घाला. गुळात चिपाडाचे कण असतात. चव बघा, कैरी फार आंबट असेल तर आणखी अर्धी पट. वेलची, थोडं मीठ, केशराच्या आठ-दहा काड्या. एक भाग पन्ह्याला तीन भाग माठाचं पाणी. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात हे अजिबात करू नका, आंबट पदार्थ धातूला लागतो. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं.

काठी पुन्हा गच्चीत

संपाताच्या सकाळी गॅलरीतून सूर्य कुठे उगवतो ते बघून ठेवा: समोरच्या इमारतीची कुठली कड, कुठली टाकी. एका महिन्याने तो बारा अंश डावीकडे, म्हणजे उत्तरेला, सरकलेला दिसेल. हात लांब करून धरलेली एक मूठ साधारण दहा अंशांची असते, त्यावरून मोजा.

आणि जपून ठेवलेला कागद घेऊन दर रविवारी, सूर्य ऐन माथ्यावर असताना, एकच खूण करा. वेळ एप्रिलमध्ये थोडी थोडी अलीकडे येते, तेव्हा १२.२५ पासून दर पाच मिनिटांनी बघून सर्वांत जवळची खूण धरा. कुंडी हललेली असेल तर ओळंबा पुन्हा सोडून आधी फुली जुळवा. ठिपका साडेतेहेतीस सेंटिमीटरवरून फुलीकडे येत जाईल. १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास तो बरोबर फुलीवर बसतो, आणि उभ्या काठीला त्या एक-दोन मिनिटांत सावलीच नसते.